घरचा राउटर निवडताना: सुरक्षिततेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत आता चाळीतल्या खोलीपासून टॉवरमधल्या फ्लॅटपर्यंत फायबर पोचलं आहे. त्याच्या टोकाचा डबा टीव्हीच्या मागे नाहीतर चपलांच्या कपाटावर पडलेला असतो आणि नेट बंद पडेपर्यंत त्याची आठवण कोणाला होत नाही. घरातला फोन, बँकेचं ॲप, मुलांचा अभ्यास, ऑफिसचा लॅपटॉप हे सगळं मात्र त्यातूनच जातं. सोसायटीत, नातेवाइकांत आणि ओळखीपाळखीत राउटर घेताना जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. राउटर सुरक्षित आहे की नाही हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: त्याला सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार, आणि त्याच्या ॲडमिनचा, म्हणजे सेटिंग बदलू देणारा, पासवर्ड कोणाकोणाला ठाऊक आहे. खालची बहुतेक उत्तरं या दोन गोष्टींशीच येऊन थांबतात.

माझ्या घरात चोरण्यासारखं आहे काय? माझा राउटर कोण कशाला फोडेल?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

तुमचा राउटर फोडणाऱ्याला तुमचं नावही माहीत नसतं. इंटरनेटवर दिवसरात्र प्रोग्रॅम फिरत असतात, दिसेल त्या डब्यावर कारखान्यातले पासवर्ड लावून पाहतात आणि उघडला की पुढच्याकडे वळतात. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रॅमने असेच लाखभर कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांच्या जोरावर, साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या डाइन या अमेरिकी कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटरसारख्या मोठ्या साइट काही तास कोलमडल्या. ज्यांची उपकरणं त्यात वापरली गेली, त्यांना बहुधा याचा पत्ताही लागला नाही. २०१८ च्या मे महिन्यात ‘व्हीपीएनफिल्टर’ सापडला तेव्हा किमान ५४ देशांतली सुमारे ५ लाख उपकरणं बाधित होती, आणि एफबीआयने लोकांना घरचे राउटर बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितलं होतं. आपल्याकडे जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम एका घातक प्रोग्रॅममुळे बंद पडले. ज्यांनी कारखान्यातला पासवर्ड बदलला नव्हता, तेच त्यात सापडले.

मुंबईकरांनी याहून जवळची एक गोष्ट लक्षात ठेवावी. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत स्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी एक धमकीचा ईमेल गेला होता. त्याचा माग काढत पोलीस नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरापर्यंत पोचले. त्या घरचं वाय-फाय दुसऱ्याच कोणीतरी वापरलं होतं. त्याच वर्षी १३ सप्टेंबरच्या दिल्लीतल्या स्फोटांच्या वेळचा ईमेल चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायवरून गेल्याचं समोर आलं. पुढे जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी शहरात उघडी वाय-फाय नेटवर्क शोधायची मोहीम जाहीर केली. कनेक्शन तुमच्या नावावर असतं, त्यामुळे चौकशीला पोलीस आधी तुमच्याच दारात येतात. निर्दोष ठरलात तरी मधल्या काळाचा मनस्ताप चुकत नाही.

कंपनीने फुकट डबा दिलाय. मग वेगळा राउटर कशाला?

प्रत्येकाला लागतोच असं नाही. आधी आपला डबा नीट बघा.

फायबर कनेक्शनमध्ये काचेच्या तारेतून आलेला प्रकाश समजून घेणारा एक डबा लागतो, त्याला ओएनटी म्हणतात. बहुतेक कंपन्या ओएनटी आणि वाय-फाय राउटर एकाच डब्यात देतात. तो डबा त्यांच्या मालकीचा असतो आणि टीआर-०६९ या पद्धतीने त्या तो दुरून हाताळू शकतात. तुम्ही तक्रार केली की समोरचा माणूस फोनवरूनच सेटिंग बदलतो, ते याच वाटेने. सोय मोठी आहे. पण अपडेट कधी येणार, कोणतं येणार, येणार की नाही, हे मग तुमच्या हातात राहत नाही. पुष्कळ डब्यांत तर खरा ॲडमिन पासवर्ड ग्राहकाला देतच नाहीत.

अशा वेळी आपला राउटर त्याच्या पुढे लावावा. ओएनटीच्या लॅन पोर्टमधून केबल आपल्या राउटरच्या वॅन पोर्टला जोडायची आणि ओएनटीचं वाय-फाय बंद करायचं. कंपनी तयार असेल तर ओएनटी ब्रिज मोडवर टाकून घ्यावा, म्हणजे तो राउटरचं काम सोडून फक्त इंटरनेट पुढे देतो. नाही म्हणाली तरी काम होतं. दोन राउटर एकामागे एक लागतात, त्याचा क्वचित एखाद्या ऑनलाइन गेमला त्रास होतो, बाकी घरगुती वापरात फरक जाणवत नाही. लँडलाइन त्याच ओएनटीवर चालत असेल तर तिला हात लावू नका.

तुमच्या डब्याचा ॲडमिन पासवर्ड तुमच्याकडे असेल, त्यात डब्ल्यूपीए-३ ही वाय-फायच्या सुरक्षेची नवी पद्धत असेल आणि अपडेट वेळेवर येत असतील, तर पैसे वाचवा.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न कोणता विचारायचा?

“या मॉडेलला सुरक्षेचे अपडेट कधीपर्यंत मिळणार?”

दुकानदार बहुतेक वेळा वॉरंटीचा आकडा सांगेल. वॉरंटी म्हणजे डबा बिघडला तर बदलून मिळण्याची मुदत, तिचा अपडेटशी संबंध नाही. तीन वर्षांची वॉरंटी असलेल्या मॉडेलचं शेवटचं अपडेट दोन वर्षांपूर्वी येऊन गेलेलं असू शकतं.

म्हणून दुकानात जायच्या आधी घरीच दोन गोष्टी तपासा. पहिली, कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं डाउनलोडचं पान उघडा आणि शेवटच्या फर्मवेअरची, म्हणजे डब्याच्या आतल्या मूळ प्रोग्रॅमची, तारीख पाहा. गेल्या काही महिन्यांतली असेल तर ठीक. वर्षभरात काहीच आलेलं नसेल तर ते मॉडेल सोडा. मॉडेलच्या नावापुढे व्ही-१, व्ही-२ असा हार्डवेअरचा आवृत्ती क्रमांकही असतो. नाव तेच, पण आतला डबा वेगळा आणि फर्मवेअरही वेगळं, त्यामुळे खोक्यावरचा क्रमांक जुळवून बघा.

दुसरी युक्ती फारशी कोणाला माहीत नाही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून एक कायदा लागू आहे. त्यानुसार इंटरनेटला जोडायच्या घरगुती उपकरणांवर सहज ओळखता येणारा सरसकट पासवर्ड ठेवता येत नाही, आणि सुरक्षेचे अपडेट किमान कधीपर्यंत देणार हे उत्पादकाला जाहीर करावं लागतं. तेच मॉडेल भारतातही विकलं जात असेल, तर कंपनीच्या ब्रिटनच्या साइटवर ती तारीख सापडते. आपल्याकडच्या खोक्यावर ती छापलेली नसते, पण उत्पादकाचा इरादा किती वर्षांचा आहे ते कळतं. मी तरी निदान चार-पाच वर्षं पुढची तारीख दिसल्याशिवाय कोणाला मॉडेल सुचवत नाही.

अपडेट बंद झाले तर होतं काय? डबा तर चालूच राहतो ना?

चालू राहतो, आणि अडचण तिथेच आहे. त्यात नवी चूक सापडली की ती सगळ्या जगाला कळते, दुरुस्ती मात्र येत नाही. मे २०२५ मध्ये एफबीआयने असाच इशारा दिला होता: मुदत संपलेले जुने राउटर फोडून गुन्हेगार त्यांचा आडोसा विकत आहेत. म्हणजे फसवणूक दुसऱ्याची आणि आयपी पत्ता तुमचा.

कोणती कंपनी चांगली? चिनी कंपनीचा घ्यावा का?

कंपनीचं एकच नाव सांगून मोकळं होता येत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने राउटरच्या ढिसाळ सुरक्षेवरून असूसशी २०१६ मध्ये समझोता केला आणि पुढची २० वर्षं बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी करून घेण्याची अट घातली. डी-लिंकबरोबरचं तसंच प्रकरण २०१९ मध्ये मिटलं. या दोन्ही तैवानच्या कंपन्या. टीपी-लिंकबद्दल अमेरिकेत अलीकडे चौकशीची चर्चा झाली, ती चीनशी असलेल्या नात्यावरून. डबा कुठल्या देशात तयार झाला हा विचार करणं चूक नाही. पण घरगुती राउटर आजवर ज्या कारणांनी फुटत आले, ती बहुतेक साधी आहेत: न बदललेला पासवर्ड, न लावलेलं अपडेट, उगाच उघडं ठेवलेलं दुरून लॉगइन. देश कोणताही असो, या तिन्हींवर ज्या मॉडेलचं उत्तर चांगलं, ते घ्यावं.

थोडी तांत्रिक आवड असेल तर ओपनडब्ल्यूआरटी चालणारं मॉडेल बघा. ही २००४ पासून चालत आलेली मुक्त प्रणाली आहे. राउटरच्या मूळ कंपनीने हात वर केले तरी ती टाकून डब्याला पुढेही अपडेट मिळत राहतात. मात्र त्यांच्या साइटवरच्या यादीत आपलं मॉडेल आणि हार्डवेअरची आवृत्ती दोन्ही सापडल्याशिवाय हा प्रयोग करू नका.

डब्ल्यूपीए-३ नसेल तर चालेल का?

आज नवीन घेताना नाही. वाय-फाय अलायन्स या कंपन्यांच्या संघटनेच्या प्रमाणपत्रासाठी जुलै २०२० पासून ते सक्तीचं आहे, त्यामुळे वाय-फाय ६ च्या प्रमाणित राउटरमध्ये ते असतंच.

त्याआधीच्या डब्ल्यूपीए-२ मध्ये कोणी जिन्यात किंवा समोरच्या इमारतीत बसून तुमचा फोन राउटरला जोडला जातानाची देवाणघेवाण टिपू शकतो आणि नंतर आपल्या घरी निवांतपणे लाखो पासवर्ड लावून पाहू शकतो. डब्ल्यूपीए-३ मध्ये प्रत्येक अंदाज तुमच्या राउटरलाच विचारावा लागतो, त्यामुळे तो मार्ग बंद होतो.

जुना प्रिंटर किंवा टीव्ही डब्ल्यूपीए-३ ला जोडला जात नसेल तर दोन्ही पद्धती चालणारा मिश्र मोड ठेवा. जी उपकरणं त्यात डब्ल्यूपीए-२ ने जोडली जातात, त्यांच्यापुरता जुना धोका राहतो. डब्ल्यूईपी किंवा नुसतं डब्ल्यूपीए या त्याहून जुन्या पद्धतीच चालणारा डबा घरात असेल, तर आजच काढा.

पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर ठेवलाय. लक्षात राहतो.

अर्ध्या मुंबईचा पासवर्ड असाच असावा. बसवायला आलेला मुलगा विचारतो, “काका, नंबर काय?” आणि तोच टाकून जातो.

जरा हिशेब करा. आपले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात आणि पुढे नऊ अंक असतात, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. ऐकायला मोठा आकडा आहे. पण गेमिंगसाठी विकलं जाणारं एक महागडं ग्राफिक्स कार्ड डब्ल्यूपीए-२ चे सेकंदाला दहा लाखांहून जास्त अंदाज तपासतं. म्हणजे तास-सव्वा तासात सगळे नंबर संपतात. शिवाय तुमचा नंबर सोसायटीच्या ग्रुपवर आहेच, तिथून बघून टाकायला ग्राफिक्स कार्डही लागत नाही. फ्लॅट नंबर, मुलाचं नाव आणि जन्मसाल, गणपतीचं नाव आणि १२३ या सगळ्यांची हीच गत.

चार-पाच असंबद्ध मराठी शब्द रोमन अक्षरांत एकापुढे एक लिहा. ‘कोयता टिफिन गोगलगाय चुनाभट्टी’ अशा धर्तीचं काहीतरी, हेच मात्र नको. आजीलाही लक्षात राहतं आणि अंदाजाने सापडायला फार कठीण. ६३ अक्षरांपर्यंत जागा असते.

जास्त अँटेना म्हणजे जास्त सुरक्षित का?

नाही. अँटेनांचा संबंध सिग्नलशी आहे.

साधारण खर्च किती?

वन किंवा टू बीएचकेसाठी वाय-फाय ६ चा ठीकठाक राउटर साधारण तीन ते पाच हजारांत मिळतो. त्याहून जास्त पैसे वेगासाठी आणि पल्ल्यासाठी जातात. हजार-बाराशेच्या डब्याचा मोह टाळा, अपडेटच्या बाबतीत सगळ्यात आधी तेच वाऱ्यावर सोडले जातात.

लॅमिंग्टन रोडवरून घ्यावा की ऑनलाइन? जुना चालेल?

दोन्हीकडून घ्या, पण पक्कं बिल घ्या आणि खोकं सीलबंद असल्याची खात्री करा. परदेशातून सुटा आणलेला माल स्वस्त पडतो, पण त्याचं फर्मवेअर दुसऱ्या प्रदेशाचं असतं आणि भारतातल्या साइटवरचं अपडेट त्यावर चढेलच असं नाही. ऑनलाइन घेताना विकणारा कोण आहे ते वाचा.

वापरलेला राउटर ओळखीच्या माणसाकडून, अपडेट अजून चालू असलेल्या मॉडेलचाच घ्यावा. घरी आणल्यावर इंटरनेटची केबल लावायच्या आधी फॅक्टरी रीसेट करावा, मग कंपनीच्या साइटवरून आणलेलं फर्मवेअर नव्याने चढवावं.

राउटर आणला. आता पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं?

ॲडमिन पासवर्ड बदला. हा वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो, आणि दोन्ही एकच ठेवू नका. बदललेला पासवर्ड कागदावर लिहून घरातल्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवला तरी चालेल. दुरून हल्ला करणाऱ्याचा हात त्या फायलीपर्यंत पोचत नाही.

मग फर्मवेअर अपडेट करा आणि ऑटोमॅटिक अपडेट चालू करा. इथे एक गोष्ट बऱ्याच घरांत आड येते. आपल्याकडे झोपताना राउटरचं बटण बंद करायची सवय आहे, आणि पुष्कळ राउटर अपडेट घेतात पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान. रोज रात्री बंद केलेल्या डब्याला वर्षानुवर्षं एकही अपडेट मिळत नाही आणि सेटिंगमध्ये मात्र ‘ऑटोमॅटिक चालू’ असं दिसत राहतं. एकतर राउटर रात्री चालू ठेवा, नाहीतर अपडेटची वेळ दुपारची लावा. अपडेट चालू असताना वीज गेली तर डबा निकामी होऊ शकतो. तुमच्याकडे वीज ये-जा करत असेल तर राउटरसाठीचा छोटा यूपीएस घ्यावा.

त्यानंतर डब्ल्यूपीएस बंद करा. बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून जोडायची ती सोय. २०११ मध्ये तिच्या पिनमधली खोट उघड झाली. पिन आठ आकडी दिसते, पण राउटर तिचे दोन भाग वेगवेगळे तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरलेला असतो. त्यामुळे दहा कोटींऐवजी जेमतेम ११ हजार प्रयत्नांत काम होतं. तुमचा वाय-फाय पासवर्ड कितीही लांब असला तरी या मागच्या दाराला त्याचं काही घेणंदेणं नसतं.

दुरून लॉगइन किंवा रिमोट मॅनेजमेंट बंद करा. यूपीएनपीही बंद करा, कारण घरातलं कुठलंही उपकरण तुम्हाला न विचारता त्यातून बाहेरच्या जगाला दार उघडून देऊ शकतं. एखादा गेम अडला तर तेव्हा बघता येईल. आणि आयपीव्ही६ या इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीसाठीचा फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारं अडवणारी भिंत, चालू आहे ना, ते बघा. हा मुद्दा हल्ली महत्त्वाचा झालाय. जुन्या आयपीव्ही४ मध्ये बरीच घरं कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे झाकलेली असतात, पण आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक टीव्हीला आणि कॅमेऱ्याला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो. फायरवॉल नसेल तर तो थेट बाहेरून गाठता येतो.

शेजारी पासवर्ड मागतात. नाही कसं म्हणायचं?

नाही म्हणायची गरज नाही, गेस्ट नेटवर्क आहे. राउटर घेताना ही सोय आहे का ते बघाच. त्याला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड द्यायचा आणि ‘स्थानिक नेटवर्कला प्रवेश नाही’ हे चालू ठेवायचं. सुट्टीत आलेले पाहुणे, शिकवणीची मुलं, पलीकडच्या काकूंचा एक दिवसाचा व्हिडिओ कॉल हे सगळं तिथे. शेजारधर्मही राहतो आणि तुमचा लॅपटॉपही वेगळा राहतो. काम झालं की गेस्ट बंद करून टाका किंवा त्याचा पासवर्ड बदला.

कायमचं कनेक्शन दोन घरांत वाटून घेण्याच्या मात्र मी विरोधात आहे. पैसे वाचतात हे खरं, पण नावावर एकाच्याच असतं, आणि सानपाड्यात काय झालं ते वर लिहिलं आहेच.

कॅमेरा, स्मार्ट बल्ब, टीव्ही कुठे जोडायचे?

राउटरमध्ये आयओटीसाठी, म्हणजे अशा स्मार्ट उपकरणांसाठी, वेगळं नेटवर्क असेल तर त्यावर. नसेल तर गेस्टवर, पण मग पाहुणे गेल्यावर गेस्ट बंद न करता पासवर्ड बदला आणि तो या उपकरणांतही टाका. स्वस्त कॅमेऱ्यांना अपडेट मिळण्याची शक्यता राउटरहून कमी असते. बँकेचं ॲप ज्या नेटवर्कवर चालतं, तिथे ते नसावेत.

नेटवर्कचं नाव लपवलं किंवा मॅक फिल्टर (ठरावीक मॅक पत्त्याच्या, म्हणजे ओळख क्रमांकाच्या, उपकरणांनाच जोडू देणारी सोय) लावला तर?

फायदा नगण्य. लपवलेलं नाव आणि चालणारा मॅक पत्ता दोन्ही हवेतून उघड वाचता येतात. नाव ठेवताना फक्त आडनाव आणि फ्लॅट नंबर टाकू नका.

राउटर फोडला गेलाय हे कसं ओळखायचं?

खात्रीची खूण अशी एकच नाही. ओळखीची साइट उघडताना भलतीच साइट किंवा प्रमाणपत्राचा इशारा येणं, घरातल्या सगळ्याच फोनवर एकदम विचित्र जाहिराती दिसणं, ॲडमिन पासवर्ड अचानक न चालणं, जोडलेल्या उपकरणांच्या यादीत अनोळखी नाव दिसणं, यांतलं काही घडलं तर राउटरमधलं डीएनएस सेटिंग (साइटचा पत्ता कोणाला विचारायचा ते ठरवणारं) आधी बघा. तिथला पत्ता बदलला की तुम्ही बँकेचं नाव बरोबर टाइप केलं तरी दुसरीकडेच पोचू शकता.

संशय आला तर राउटर इंटरनेटपासून तोडा, फॅक्टरी रीसेट करा, फर्मवेअर नव्याने चढवा आणि दोन्ही पासवर्ड नवे ठेवा. नुसतं बंद-चालू केल्याने काही प्रोग्रॅम जातात, काही राहतात. संगणकात काही शिरलंय का ते तपासायला केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची मोफत साधनं आहेत. पैसे गेले असतील तर रीसेट वगैरे नंतर, आधी लगेच १९३० वर फोन करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते, पण पैसे अडवायचे असतील तर पहिला तासच मोलाचा असतो.

जुन्या राउटरचं काय करू? गावी पाठवू?

अपडेट बंद झालेला असेल तर गावीही पाठवू नका. तिथेही तो त्याच इंटरनेटला जोडला जाणार आणि बिघडला तर बघायला कोणी नसणार. फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे त्यातला कनेक्शनचा लॉगइन आणि वाय-फायचा पासवर्ड पुसला जाईल, मग ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या. डबा इंटरनेट कंपनीच्या मालकीचा असेल तर परत केल्याची पावती घ्या, नाहीतर अनामत रक्कम अडकते.